बाकीबाब आपले कोण लागतात?

गोव्यातल्या बोरकरांच्या घरात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. कवी बा. भ. बोरकर, म्हणजेच बाकीबाब, जन्म १९१०, आपलेच असावेत असं कोणाला वाटणार नाही? पण आडनाव बोरी गावावरून पडलेलं, आणि एका गावावरून आडनाव घेतलेली घराणी अनेक, जातीही वेगवेगळ्या. तेव्हा नुसत्या आडनावावर नातं जोडू नका.

आधी घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईला विचारा. मी आत्येला विचारलं, "सुतक कोणाकोणाचं धरायचो?" तिने घरं धडाधड सांगितली. सुतक धरतात ते भाऊबंद. वंशावळीची पहिली फांदी तिथेच मिळते. गोत्र आणि कुळदेवही लगेच लिहून घ्या. कुळदेवाच्या देवळात महाजनांची, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत सभासदांची, यादी असते, ती नक्की पाहा.

मग सरकारी कागद. गोव्यात नागरी नोंदणी १९१४पासूनची. जुन्या पोर्तुगीज जन्मनोंदीत आईबापांबरोबर आजी-आजोबांची नावंही सापडतात, म्हणजे एका कागदात तीन पिढ्या. शोधताना स्पेलिंग सांभाळा: बोरकर तिथे 'के'ऐवजी 'सी'ने लिहिलेलं असतं, शंकर 'एक्स'ने सुरू होतो. त्याआधीच्या काळासाठी पणजीचं पुराभिलेखागार आहे.

कवीच्या बाजूने मात्र छापील चरित्रातली आजोबा-पणजोबांची नावं आणि मूळ घर एवढंच घ्या. दोन्हीकडचा पणजोबा एकच निघाला तरच नातं म्हणा. कुळदेव वेगळा निघाला, तर शोध तिथेच थांबवा.