व्हीबीए मॅक्रोमध्ये आकड्यांपुढे शून्ये लावताना

एक्सेलच्या मॅक्रोमधून (म्हणजे ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधून) तयार केलेल्या फायलींना १, २, ३ अशी नावे दिली आणि ती नावे मजकूर म्हणून क्रमाने लावली, तर १ च्या पाठोपाठ १० येतो आणि २ त्याच्याही मागे पडतो, कारण तुलना संख्यांची न होता डावीकडून एकेका चिन्हाची होते. यावर उपाय म्हणजे सर्व क्रमांक सारख्या लांबीचे करणे. मात्र ०७ मधले शून्य हा संख्येचा भाग नसून तिच्या लेखनाचा भाग आहे, हे आधी मनात पक्के करावे. या विषयातल्या बहुतेक चुका तेवढे विसरल्यामुळेच होतात.

व्हीबीएमध्ये, म्हणजे मॅक्रो लिहिण्याच्या भाषेत, त्यासाठी फॉरमॅट हे फंक्शन आहे. फॉरमॅट(७, "०००") असे लिहिल्यास उत्तर "००७" मिळते. (येथे सर्व काही देवनागरीत दाखवले असले, तरी कोडमध्ये फंक्शनची नावे रोमन लिपीत आणि आकडे इंग्रजीतच टाइप करावेत.) साच्यातले प्रत्येक शून्य एक जागा राखून ठेवते आणि तिथे अंक नसेल तर शून्य छापते, त्याऐवजी # वापरल्यास तिथे काहीच छापले जात नाही.

जुन्या मॅक्रोंमध्ये राइट("०००" & क्रमांक, ३), म्हणजे क्रमांकापुढे तीन शून्ये जोडून उजवीकडची तीन चिन्हे घेणे, ही युक्ती बरेचदा आढळते. मी ती टाळण्याचाच आग्रह धरेन. क्रमांक १२३४ झाला की फॉरमॅट पूर्ण "१२३४" देते, पण राइट शेवटचे तीनच अंक उचलून "२३४" देते, आणि कोणतीही त्रुटी न दाखवता एका फायलीला दुसरीचे नाव मिळू शकते. ऋण संख्येचे तर त्याहून वाईट होते: -७ चे फॉरमॅटमधून "-००७" होते, राइटमधून मात्र "०-७".

किती शून्ये लागतील हे आधी ठाऊक नसेल, तर सर्वांत मोठ्या क्रमांकाची लांबी लेन(सीस्ट्र(कमाल)) ने काढावी (सीस्ट्र संख्येचा मजकूर करते, लेन त्यातली चिन्हे मोजते) आणि स्ट्रिंग(लांबी, "०") ने साचा बनवावा. येथे सीस्ट्रऐवजी स्ट्र वापरू नये, कारण ते धन संख्येपुढे चिन्हासाठी एक मोकळी जागा सोडते आणि लांबी एकाने वाढते.

अपूर्णांक असतील तर फॉरमॅट ते पूर्णांकित करते, हेही ध्यानात असू द्यावे. फॉरमॅट(२.५, "००") चे उत्तर "०३" येते, परंतु त्याच व्हीबीएमधले राउंड(२.५) हे २ देते, कारण राउंड नेमक्या अर्ध्यावरची संख्या जवळच्या सम अंकाकडे नेते. एकाच मॅक्रोत दोन्ही वापरल्यास बेरजा जुळत नाहीत आणि कारण सापडायला वेळ लागतो.

सर्वाधिक गोंधळ उडतो तो सेलमध्ये लिहिताना. फॉरमॅटने दिलेला "००७" हा मजकूर जनरल स्वरूपाच्या सेलमध्ये ठेवला, की एक्सेल त्याला पुन्हा संख्या समजून ७ करून टाकते. ज्या मूल्यावर पुढे गणित करायचे आहे, ते ७ असेच ठेवून सेलच्या नंबरफॉरमॅटला "०००" द्यावे, म्हणजे दिसेल ००७ आणि बेरीज होईल ७ ची. ज्यावर गणित कधीच होणार नाही, अशा खाते क्रमांकासारख्या नोंदीसाठी नंबरफॉरमॅट "@" (म्हणजे मजकूर) करावा, आणि तो मूल्य लिहिण्यापूर्वी करावा. नंतर केल्यास गेलेली शून्ये परत येत नाहीत. सोळा किंवा अधिक अंकी क्रमांकांना तर हाच मार्ग आहे, कारण एक्सेल संख्येचे १५ अंकच जपते आणि पुढच्या अंकांच्या जागी शून्ये घालते.