शेठ, अर्थिंगला पाणी घातलं का?

जळगाव एमआयडीसीतल्या दालमिल, चटईचे कारखाने, सीझनला आजूबाजूची जिनिंग. माझं काम यांच्याच विजेच्या पॅनलांपुढे चालतं. विजेच्या सुरक्षेचं विचारलं की शेठ लोकांचं ठरलेलं उत्तर, "वायरमन ठेवलाय ना, तो बघेल." तो बघेल हो, पण काही झालं तर जाब मालकालाच द्यावा लागतो.

अर्थिंगपासून, म्हणजे मशीनची बॉडी जमिनीला जोडणाऱ्या पट्टीपासून सुरुवात करा. आपल्या काळ्या मातीला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पारा 44 च्या पुढे गेला की अर्थिंगच्या खड्ड्यातली ओलही जाते, आणि बॉडीत उतरलेला करंट जमिनीऐवजी माणसातून वाट काढतो. उन्हाळाभर खड्ड्यात पाणी घालायला लावा, अर्थ टेस्टरचं रीडिंग तारखेसह वहीत मागा. थ्री-फेज मोटारीच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग लागतात. पट्टीचा नट गंजला असेल तर ती पट्टी नुसती शोभेची.

डाळीला तेल-पाणी लावतात तिथली फरशी ओली आणि हमाल अनवाणी. तिथल्या प्लगांना 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवा, टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. "एमसीबी आहे की," असं सांगू नका. एमसीबी, म्हणजे लोड वाढला की पडणारा स्विच, वायर वाचवतो, माणूस नाही.

पॅनलपुढे 1 मीटर जागा मोकळी हवी. सीझनला नेमका तिथेच बारदाना रचलेला असतो. तो उचला, रबरी मॅट टाका.

आता कुलूप. एलिव्हेटर (माल वर चढवणारा पट्टा) अडकला, माणूस आत हात घालून पट्टा सोडवतोय, आणि ऑफिसातून फोन येतो, "गाडी उभी आहे, चालू करा." खालचा पोरगा स्विच मारतो. म्हणून मेन स्विच पाडून कुलूप लावायचं, 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवायची आणि चावी काम करणाऱ्याच्याच खिशात. दुसरी चावी ऑफिसात ठेवू नका. शेठनेही मागायची नाही! यावर वाद होतात, तरी मी ऐकत नाही.

शॉक लागलेल्याला काय करायचं याचा तक्ता मराठीत, वाचता येईल असा लावा. कोणी चिकटला तर हात न लावता आधी मेन बंद, मग 108. श्वास नसेल तर छाती दाबत राहायचं. जीव गेला तर 24 तासांत विद्युत निरीक्षकाला कळवावं लागतं, लेखी अहवाल 48 तासांत. तोवर तुटलेली वायर गुपचूप बदलायची नाही.