माथेरानची बॅग दस्तुरीच्या हिशोबाने भरा

माथेरानला सहकुटुंब निघताना प्रत्येक वस्तू उचलून स्वतःला एकच विचारायचं: दस्तुरी नाक्यानंतर हे कोण वाहणार? मोटारी तिथेच थांबतात आणि बाजारपेठ तिथून सुमारे अडीच किलोमीटर. तेव्हा चाकांची मोठी सुटकेस माळ्यावरच राहू द्या, तांबड्या मातीत तिची चाकं रुततात. माणशी एक सॅक पुरे, आजी-आजोबांचे कपडे तरण्यांच्या सॅकमध्ये. हमाल आणि घोडे नाक्यावर मिळतात, पण दर आधी बोलून घ्या.

त्याआधी खोली. फोनवर 'व्ह्यू आहे का' यापेक्षा 'माथेरान स्टेशनपासून चालत किती' हे विचारा, कारण काही हॉटेलं बाजारापासून चांगलीच आत, झाडीत आहेत. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर ई-रिक्षा कुठपर्यंत येते, हेही विचारून ठेवा.

पायथ्याच्या नेरळला लोकलने जा. पुण्याकडच्यांनी कर्जतला उतरून लोकल धरावी. नेरळहून मिनी ट्रेन १९०७ पासून धावते, रूळ जेमतेम दोन फुटी. पोरांना ती हवीच असते, पण प्रवास अडीच तासांच्या आसपासचा आणि वळणं फार, त्यामुळे उलटीची गोळी नि चार रिकाम्या पिशव्या वरच्याच कप्प्यात ठेवा. टॅक्सीने घाट चढलात तरी त्या लागतीलच. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (दस्तुरी नाक्याजवळचं स्टेशन) गाडी बंद असते, अमन लॉज ते माथेरान शटल तेवढी चालते. माझ्या मते लहान मुलं असतील तर टॅक्सीने दस्तुरी आणि पुढे शटल हाच शहाणपणाचा मार्ग. झुकझुक गाडीची हौसही भागते.

कपड्यांत पांढरं काही नको, मोजेसुद्धा. तिथली तांबडी धूळ धुऊन जात नाही. पकड असलेले जुने बूट घ्या, नवे कोरे बूट पहिल्याच दिवशी चावतात. बाबागाडी निरुपयोगी, बाळाला अंगाशी बांधायची झोळी घ्या. संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंटला सूर्यास्त पाहून परतताना झाडीत पटकन अंधारतं, म्हणून घरटी एक टॉर्च. पॉइंटवर कडे सरळ तुटलेले आहेत. फोटोच्या नादात पोराचा हात सुटता कामा नये, आणि कोणत्या पोरावर कोण लक्ष ठेवणार हे घरूनच ठरवून निघा.

खाऊ सॅकच्या आत, चेन लावून. हातातली पिशवी माकडं हिसकावतातच. रोजची औषधं दोन दिवसांची जादा घ्या. नाक्यावरचा प्रवासी कर, घोडा, हमाल यांसाठी सुटे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा, एटीएमच्या भरवशावर राहू नका. चपला आणि चिक्की तिथे घ्याल, तेवढी जागा सॅकमध्ये रिकामी असू द्या. परतीच्या शटलची वेळ मात्र पोहोचल्याबरोबर स्टेशनवरच विचारून घ्या.