सायगॉनच्या शेअर बाजारात काम करायचं असेल तर

सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाची परीक्षा) किंवा एमबीए झालेली मुलं हल्ली विचारतात, दलाल स्ट्रीटवर फार गर्दी झालीय, व्हिएतनाममध्ये काही जमेल का? जमेल. मी हो चि मिन्ह सिटीत, म्हणजे लोकांच्या तोंडी अजून सायगॉनमध्येच, एका परदेशी फंडासाठी कंपन्यांचा अभ्यास करतो. पण मुंबईच्या सवयी जशाच्या तशा घेऊन आलात तर सुरुवातीला फार गोंधळायला होईल.

बाजाराचं वय आधी लक्षात घ्या. मुंबईचा शेअर बाजार १८७५ चा. इथला २८ जुलै २००० ला उघडला, तोही आरईई आणि साकॉम या दोनच कंपन्यांवर. गंमत म्हणजे ड्रॅगन कॅपिटल ही फंड कंपनी त्याआधीच, १९९४ मध्ये, उभी राहिली होती. तिचे संस्थापक डॉमिनिक स्क्रिव्हन मूळचे ब्रिटिश. हनोईत व्हिएतनामी शिकले आणि शेअर बाजारच नसलेल्या देशात गुंतवणुकीचा धंदा मांडून बसले. धाडसापेक्षा मला त्यांचं आधी भाषा शिकणं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याकडे पुढे येतोच.

इथे पहिल्याच आठवड्यात कानावर पडतं ते ‘रूम’, म्हणजे परदेशी लोकांना एखाद्या कंपनीत शेअर घ्यायला उरलेली जागा. सगळ्या परदेशी गुंतवणूकदारांनी मिळून एखाद्या बँकेचे साधारण ३० टक्केच शेअर घ्यायचे. इतर अनेक कंपन्यांत ही मर्यादा ४९ टक्के. ती भरली की स्क्रीनवर भाव दिसत राहतो, पण त्या भावाला तुम्हाला शेअर मिळत नाही. दुसऱ्या परदेशी माणसाकडून घ्यावा लागतो आणि तो वर प्रीमियम मागतो. एफपीटी, मोबाइल वर्ल्ड अशा नावाजलेल्या कंपन्यांत हे वर्षानुवर्षं चालायचं. मुलाखतीला आलेल्यांना मी एखादी स्वस्त कंपनी सुचवायला सांगतो. पीई (नफ्याच्या किती पट भाव), आरओई (भागधारकांच्या पैशावरचा परतावा) सगळं तोंडपाठ असतं. रूम किती उरलीय हे क्वचितच कुणी बघून येतं. मग तो शेअर स्वस्त असून उपयोग काय?

बाहेर पडण्याचंही तसंच. हो चि मिन्ह बाजारात शेअर एका दिवसात ७ टक्क्यांहून जास्त वर किंवा खाली जाऊ शकत नाही. उलाढाल बहुतेक किरकोळ गुंतवणूकदारांची, त्यामुळे घबराट पसरली की सगळे एकदम दाराकडे. शेअर सकाळीच खालच्या मर्यादेला टेकतो आणि विकायचं म्हटलं तरी गिऱ्हाईक नसतं. मार्च २००७ मध्ये इथला निर्देशांक, व्हीएन-इंडेक्स, ११७० च्या आसपास होता. फेब्रुवारी २००९ मध्ये २३५ च्या घरात. त्या पडझडीतून गेलेले सहकारी आजही किंमत सांगण्याआधी ‘विकायला किती दिवस लागतील?’ हे विचारतात.

आणि मालक कोण, हे पाहा. जानेवारी २०२२ मध्ये एफएलसी समूहाचे अध्यक्ष त्रिन्ह वान क्वेत यांनी आधी जाहीर न करता सुमारे साडेसात कोटी शेअर विकले. नियामकाने तो व्यवहार रद्द केला आणि मार्चमध्ये त्यांना अटक झाली. असा माणूस ताळेबंदात दिसत नाही. तो दिसतो स्थानिक वर्तमानपत्रात, भागधारकांच्या सभेत, ऑडिटरच्या टिपांमध्ये, आणि हे बहुतेक सगळं व्हिएतनामीत. जानेवारी २०२५ पासून नियतकालिक अहवाल इंग्रजीतही देण्याची सक्ती सुरू झालीय, पण सभेत चिडलेला छोटा भागधारक इंग्रजीत थोडाच भांडणार आहे! निदान वाचण्यापुरती भाषा शिका. लिपी रोमनच आहे. उच्चार छळतात, वाचन तितकं नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: वर्क परमिटला पदवी, संबंधित कामाचा अनुभव आणि पोलिसांचा दाखला लागतो. त्यामुळे कॉलेजातून थेट येऊ नका. मुंबईत दोन-तीन वर्षं एखाद्या ब्रोकरेजमध्ये घासून या. पदवीच्या साक्षांकनाला मंत्रालय, परराष्ट्र खातं, मग व्हिएतनामची वकिलात असे खेटे पडतात. नियम बदलत असतात, निघण्याआधी ताजे बघा.

ऑफिसात साडेअकरा ते एक बाजार बंद असतो. दिवे मालवून लोक खुर्चीतच डुलकी काढतात. त्या वेळात कुणाला फोन करू नका. पहिल्या भेटीत वय विचारलं तर रागावू नका; तुम्हाला थोरला म्हणायचं की धाकटा, हे त्यावरून ठरतं.

आत्ता यायला वेळ बरी आहे. परदेशी संस्थांना खरेदीआधी पूर्ण पैसे खात्यात ठेवावे लागत, ती अट नोव्हेंबर २०२४ मध्ये गेली. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये बाजारांची वर्गवारी करणाऱ्या एफटीएसई रसेलने व्हिएतनामला फ्रंटिअरमधून, म्हणजे खालच्या पायरीवरून, उदयोन्मुख बाजारांच्या यादीत नेण्याचं जाहीर केलं, अंमल सप्टेंबर २०२६ पासून. अर्जासोबत एका कंपनीवर दोन पानांचं टिपण जोडा: रूम किती, बाहेर पडायला दिवस किती, मालक कोण. भावाचा अंदाज शेवटी एका ओळीत लिहिलात तरी चालेल.