पाच लिटरच्या कॅनची टिपी टॅप, नळ नसला तरी पोट्ट्यांचे हात धुता येतात

आमच्या भागात एका शाळेत हात धुवायची टाइल्सवाली जागा बांधली, तोट्या बसवल्या, पण मार्च लागला की टाकी कोरडी, मंग पोट्टे संडासातून आले की तसेच खिचडीच्या पंगतीत बसतात. मला ते पाहवत नाही, म्हणून आम्ही बायांनी मिळून टिपी टॅप, म्हणजे हात धुवायची टांगती कॅन, लावली. ही मूळची झिम्बाब्वेची, तिथल्या खेड्यांत नळ नव्हते म्हणून डॉ. जिम वॅट यांनी काढली आणि 1988 मध्ये त्यावर लेखही लिहिला, पुढं आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत शाळांपर्यंत पोचली. पायानं काठी दाबायची की कॅन वाकते आणि बारीक धार पडते, कशालाच हात लावायचा नाही.

कॅन खायच्या तेलाचीच घ्या, मूठवाली, पाच लिटरची. फवारणीच्या औषधाची कॅन कितीही धुतली तरी चालत नाही हे हात जोडून सांगते. आपल्याकडं कपाशीच्या वावरात त्या पडलेल्या असतात, फुकट मिळतात, म्हणून लोक उचलून आणतात. 2017 मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले ते आपण विसरलो नाही, आणि इथं तर लेकरं त्याच पाण्यानं हात धुऊन जेवणार आहेत.

आता खिळा तापवून मुठीच्या विरुद्ध बाजूला, झाकणाच्या साधारण 12 सेंटीमीटर खाली दोन-तीन बारीक भोकं पाडा, पाणी नेहमी भोकांच्या जरा खालीच भरायचं नाहीतर सतत गळत राहते. झाकणालाही एक भोक पाडा, त्यातून नायलॉनची दोरी ओवून आतून जाड गाठ मारा आणि दोरीचं दुसरं टोक जमिनीवरच्या तीनेक फुटी काठीच्या एका टोकाला बांधा. काठीचं दुसरं टोक जमिनीला टेकलेलंच राहते, बांधलेलं टोक थोडं अधांतरी.

वर टांगायला दोन बेचक्याच्या काठ्या लागतात, मधात दोन-अडीच फूट अंतर, वरून आडवी काठी, तीच कॅनच्या मुठीतून जाते. बेचकी पोट्ट्यांच्या उंचीनं ठेवा, मोठ्या माणसाच्या नाही. आणि इथंच आपल्या काळ्या मातीची गोष्ट येते, पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि काठ्या हलायला लागतात, आमची पहिली टिपी टॅप महिन्याभरात वाकडी झाली. म्हणून दीड फूट खोल गाडा, भोवती दगड ठोकून भरा, नुसती माती दाबून काही होत नाही. खाली छोटा खड्डा करून खडी भरा, पण काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, तर तिथून नाली काढून केळीला किंवा आळूला सोडा, चिखल झाला की डास आलेच.

साबणाला भोक पाडून दोरीनं कॅनजवळ लटकवा, वर प्लास्टिकची वाटी उलटी लावली तर पावसानं विरघळत नाही आणि कावळाही नेत नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या भागात, बोअरच्या पाण्यात फेस कमी येतो, मंग साबण जास्त वेळ चोळा, 20 सेकंद तरी, फेस नाही म्हणजे हात स्वच्छ झालेच नाहीत असं नाही. साबण संपला तर चुलीची चाळलेली राख घ्या, माती नको.

सावलीत, निंबाखाली लावा, उन्हात प्लास्टिक कडक होऊन तडकते. एक संडासाजवळ आणि एक जेवायच्या जागेजवळ अशा दोन तरी पाहिजेत, दूर असली की कोणी जात नाही. दर शनिवारी कॅन काढून आतलं शेवाळ घासा. पाणी कोण भरणार हे मात्र आधीच ठरवा, आमच्याकडं रोज दोन पोट्ट्यांची नावं फळ्यावर लिहिली असतात, प्रार्थनेच्या आधी कॅन भरलेली पाहिजे.