सिलिॲक आजार : गव्हाशिवाय स्वयंपाकघर

सिलिॲक आजारात गहू आणि जवातल्या ग्लूटेन या चिकट प्रथिनाने आतड्याला इजा होते. म्हणून पोळी, रवा, मैदा, शेवया, जव बंद, हे लगेच कळतं. घात करतो तो हिंग. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. वेष्टन वाचून तांदळाच्या पिठातलाच घ्या. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, सातूचं पीठ यांतही गहू असतो, ते घरी गहू वगळून करा.

दुसरी चोरवाट गिरणीची. गव्हानंतर त्याच जात्यावर दळलेली ज्वारी चालत नाही. आधी थोडे तांदूळ फिरवून घेतले तरी भरवसा नाही. घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. पोळपाट, लाटणं, चाळणी, तवा वेगळे ठेवा. लाकडाच्या भेगांत पीठ बसतं, धुऊन निघत नाही.

भाकरीसाठी १ वाटी ज्वारीच्या पिठात पाऊण वाटी उकळतं पाणी घाला, पाच मिनिटं झाका, मग तळहाताने भरपूर मळा. ग्लूटेन नसल्याने पीठ धरून ठेवायचं काम गरम पाणीच करतं. जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते, थापताना कडा फाटतात. आठवड्यापुरतंच दळा.

हा आजार घराण्यात चालतो, म्हणून रुग्णाचे आईवडील, भावंडं, मुलं यांचीही रक्ततपासणी करून घ्या. तोवर त्यांचा गहू मात्र सुरूच ठेवा, नाहीतर तपासणीत आजार दिसत नाही.