मेक्सिकन शेतमजुरांची हलाखी अभ्यासावी कशी? सुरुवात मजुरीपासून

विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात राबलेल्या मेक्सिकन शेतमजुरांविषयी लिहायचे असेल, तर सुरुवात मजुरीच्या हिशेबाने करावी, कारण ठरलेला दर आणि प्रत्यक्ष हाती पडलेली रक्कम यांच्यातील अंतरातूनच त्यांची हलाखी सर्वांत स्पष्टपणे कळते.

आधी सरहद्द पाहावी. मेक्सिकोतील १९१० च्या क्रांतीनंतर हजारो कुटुंबे उत्तरेकडे निघाली. अमेरिकेच्या १९१७ च्या स्थलांतर कायद्याने प्रत्येकी आठ डॉलर कर आणि साक्षरतेची परीक्षा लादली, परंतु बागायतदारांच्या दबावामुळे त्याच वर्षी तात्पुरत्या शेतमजुरांना त्यांतून सूट मिळाली. म्हणजे हात हवे होते, माणसे नकोत, हे धोरणातच दिसते.

मग एखादे खोरे निवडून तेथील व्यवहार बारकाईने तपासावा. त्यासाठी कॅलिफोर्नियाचे इम्पीरियल खोरे उत्तम. तेथे खरबुजाच्या हंगामात मजुरी ठेकेदारामार्फत मिळे आणि तिचा चौथा हिस्सा हंगाम संपेपर्यंत अडकवून ठेवला जाई. ठेकेदार पसार झाला की तो हिस्सा बुडाला. ऊसतोडीचा मुकादम ठाऊक असलेल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल, पण घाई करू नये: आपल्याकडे मजूर उचलीने बांधला जातो, तेथे तो थकलेल्या मजुरीने बांधला जाई. १९२८ च्या मे महिन्यात मजुरांनी संप केला. पेटीमागे १५ सेंट दराबरोबरच अडकलेल्या पैशाची हमी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बर्फही त्यांनी मागितला. अशा मागण्यांची यादी हाच दैनंदिन त्रासाचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा होय, म्हणून ती शब्दशः टिपून घ्यावी. संप अटकसत्राने मोडण्यात आला.

शुगर बीटच्या (ज्यापासून साखर काढतात त्या कंदाच्या) शेतांत मात्र हिशेबाची वही फसवते. विरळणीचे काम एकराच्या दराने अंगावर दिले जाई आणि करार कुटुंबप्रमुखाच्या नावे होई. त्यामुळे आखूड दांड्याच्या कुदळीने दिवसभर वाकून काम करणारी बायकामुले वहीत कोठेच नसतात. त्यांच्यासाठी शाळांतील गैरहजेरीच्या नोंदी आणि बालमजुरीविषयीचे सरकारी अहवाल चाळावेत.

अमेरिकेच्या १९३५ च्या कामगार कायद्याने संघटनेचा हक्क देताना शेतमजुरांना वगळले. म्हणून त्या कायद्याखालील मंडळाच्या दप्तरात त्यांच्या तक्रारी सापडल्या नाहीत, तर तक्रारच नव्हती असा निष्कर्ष काढू नये आणि शोध स्थानिक स्पॅनिश वृत्तपत्रांकडे व मेक्सिकन वकिलातींच्या पत्रव्यवहाराकडे वळवावा.